काचेआडची रोषणाई आणि तिची वीज

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटला एका बाजूने काच बसवण्याची पद्धत रूढ झाल्यापासून त्या काचेआड रंगीत दिव्यांची आरास करणे ही हौशी संगणकधारकांची जवळजवळ सवयच झाली आहे, आणि ही आरास वाढवत नेताना एक कोडे हमखास पुढे येते. संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेपासून संगणकाला लागणारी कमी दाबाची एकदिश वीज तयार करणारी पेटी, ६५० वॅटची असते. दिव्यांच्या पट्ट्या सगळ्या मिळून फार तर ३५-४० वॅट घेतात. तरीही एका पट्टीला दुसरी जोडून सगळे दिवे पांढरे केले, की सुरुवातीचे दिवे शुभ्र दिसतात, मधले पिवळसर होतात आणि टोकाचे चक्क तांबूस पडतात. त्याच पट्ट्या लाल केल्या, तर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे दिवे सारखेच लाल असतात. साडेसहाशे वॅट हाताशी असताना चाळीस वॅटचा तुटवडा का पडावा, आणि पडलाच तर तो पांढऱ्या रंगालाच का जाणवावा?

या कोड्याचे उत्तर एसएमपीएसच्या लेबलावर सापडत नाही. वीज भरपूर असते. ती दिव्यापर्यंत ज्या वाटेने पोहोचते ती वाट, म्हणजे मदरबोर्डवरच्या पिना, बारीक वायरी आणि पट्टीतला तांब्याचा पातळ थर, अरुंद असते. कॅबिनेटमधल्या रोषणाईचे बहुतेक सगळे नियम, आणि बहुतेक सगळे अपघात, या एका वस्तुस्थितीतून निघतात.

एलईडीची भूक

एलईडी हा अर्धवाहकाचा, म्हणजे विशिष्ट परिस्थितीतच वीज वाहू देणाऱ्या पदार्थाचा, लहानसा तुकडा असतो. त्याच्या दोन टोकांमधला विद्युतदाब एका ठरावीक पातळीपर्यंत चढेपर्यंत त्यातून जवळपास काहीच प्रवाह जात नाही, आणि ती पातळी ओलांडली की दाबात झालेल्या अगदी किरकोळ वाढीनेही प्रवाह झपाट्याने वाढतो. लाल एलईडीसाठी ही पातळी सुमारे २ व्होल्ट असते, तर हिरव्या आणि निळ्या एलईडींना सुमारे ३ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक दाब लागतो, कारण निळ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणात लाल प्रकाशाच्या कणापेक्षा अधिक ऊर्जा असते आणि ती कुठून तरी यावीच लागते. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये तयार केला, परंतु प्रखर निळा एलईडी जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांच्या हातून १९९३ मध्ये आकाराला आला, यावरून या एका व्होल्टाचे अंतर कापणे किती अवघड होते याची कल्पना यावी. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीवाचून लाल-हिरवा-निळा हे त्रिकूट पूर्ण झाले नसते, आणि आज ज्याला सर्रास आरजीबी म्हणतात ती रोषणाईही शक्य झाली नसती.

एलईडीच्या या स्वभावाचा व्यावहारिक अर्थ असा, की त्याला थेट विजेच्या वायरीला जोडून चालत नाही. त्याच्यातून जाणारा प्रवाह बांधून ठेवणारे काहीतरी, साधा रोधक किंवा प्रवाह स्थिर राखणारी चिप, मध्ये असावेच लागते, आणि त्या मधल्या घटकाला आपले काम करण्यासाठी थोडा दाब शिल्लक उरावा लागतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ असे तीन मुख्य दाब पुरवतो. एलईडीला ३ व्होल्ट लागत असताना ३.३ व्होल्टची वायर सोडून १२ किंवा ५ व्होल्टची का निवडतात, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर हेच, की ३.३ मधून निळ्या एलईडीचे ३ वजा केल्यावर प्रवाह आवरण्यासाठी जवळपास काहीच उरत नाही.

१२ व्होल्ट: तिघांत एक प्रवाह

एलईडी स्वस्त होण्यापूर्वी, २००० सालाच्या आसपास, कॅबिनेट उजळण्यासाठी शीत कॅथोड नळ्या वापरल्या जात. बोटापेक्षाही बारीक अशा या काचेच्या नळ्यांत पाऱ्याची वाफ असे आणि त्या पेटवण्यासाठी १२ व्होल्टपासून शेकडो व्होल्टचा वेगाने उलटसुलट होणारा दाब तयार करणारी इन्व्हर्टरची डबी सोबत बसवावी लागे. नळी एकाच रंगाची, फुटण्याची धास्ती कायमची, आणि उच्च दाबाची वायर लोखंडी पेटीच्या आत फिरवलेली. ही पद्धत मागे पडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. एक वारसा मात्र तिने ठेवला: रोषणाईची वीज १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीतून घ्यायची.

१२ व्होल्टच्या आरजीबी पट्टीत एकाच रंगाचे तीन एलईडी एकामागे एक जोडून त्यांच्या शेवटी एक रोधक बसवलेला असतो. तीन निळ्या एलईडींचे ९ व्होल्ट खर्च झाल्यावर ३ व्होल्ट उरतात, आणि १५० ओहमचा रोधक असल्यास त्यातून २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. लाल एलईडींच्या बाबतीत ६ व्होल्ट उरत असल्याने तेवढ्याच प्रवाहासाठी ३०० ओहमचा रोधक लागतो. पट्टी दर तीन दिव्यांनंतरच कापता येते, मधेच कापल्यास तो तुकडा पेटत नाही, याचे कारण ही तिघांची साखळी होय. या मांडणीचा खरा लाभ असा, की एकच २० मिलिअँपिअर प्रवाह तिन्ही दिव्यांतून जातो, त्यामुळे ६० दिव्यांची पट्टी पूर्ण पांढरी असतानाही सुमारे १.२ अँपिअरवर भागते.

मदरबोर्डवर या पट्टीसाठी चार पिनांचे हेडर, म्हणजे उघड्या पिनांची ओळ, असते. एक पिन १२ व्होल्टची, उरलेल्या तीन पिना हिरव्या, लाल आणि निळ्या रंगाच्या परतीच्या वाटा. या परतीच्या वाटेवर मदरबोर्डमध्ये प्रत्येकी एक इलेक्ट्रॉनिक स्विच बसवलेला असतो आणि तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो. चालू राहण्याचा काळ जितका अधिक तितका तो रंग डोळ्यांना प्रखर भासतो. या पद्धतीने रंगांचे हवे तसे मिश्रण साधते, परंतु सबंध पट्टीला परतीच्या वाटा तीनच असल्यामुळे पट्टीवरचे सगळे दिवे एका वेळी एकाच रंगाचे राहतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घरातल्या फॉल्स सीलिंगसाठी मिळणारी रंग बदलणारी १२ व्होल्टची पट्टीही तत्त्वतः याच जातीची असते.

५ व्होल्ट: प्रत्येक दिव्याला आपली चिप

काचेआड इंद्रधनुष्य सरकताना दिसते ते दुसऱ्या जातीच्या पट्टीमुळे. तिला ए-आरजीबी, म्हणजे जिच्यातील प्रत्येक दिव्याला वेगळा आदेश देता येतो अशी आरजीबी, म्हणतात. तिच्यातला प्रत्येक दिवा म्हणजे ५ मिलिमीटर लांबी-रुंदीची एक चौकोनी डबी असते, जिच्यात तीन रंगांचे तीन एलईडी आणि त्यांना सांभाळणारी एक चिप एकत्र बसवलेली असते. वर्ल्डसेमी या चिनी कंपनीचा डब्ल्यूएस२८१२बी हा या प्रकारातला सर्वांत परिचित नमुना.

तीन वायरींपैकी एक ५ व्होल्टची, एक परतीची आणि तिसरी संदेशाची. संदेशाच्या वायरीवर दर १.२५ मायक्रोसेकंदाला एक अंक येतो: दाब सुमारे ०.४ मायक्रोसेकंद वर राहिला तर शून्य, सुमारे ०.८ मायक्रोसेकंद राहिला तर एक. प्रत्येक रंगाला ८ असे एका दिव्याला २४ अंक लागतात, आणि त्यातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा लिहिता येतात. देवळात आरतीनंतर प्रसादाचे ताट रांगेच्या एका टोकाशी द्यावे, पहिल्याने आपल्या वाट्याचे उचलून ताट पुढे सरकवावे, दुसऱ्याने तसेच करावे, त्याप्रमाणे पहिली चिप आलेल्या अंकांतले पहिले २४ स्वतःकडे ठेवते आणि उरलेले सगळे, पुन्हा ठसठशीत करून, पुढच्या चिपकडे धाडते. त्यामुळे कोणत्याही दिव्याला क्रमांक देण्याची गरज पडत नाही. रांगेतली जागा हाच त्याचा क्रमांक. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, तर १२० दिव्यांना ३.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सबंध पट्टीचे चित्र सेकंदात अडीचशेहून अधिक वेळा बदलता येते, आणि रांगेत मधलीच एखादी चिप निकामी झाली तर तिच्या पुढचे सगळे दिवे आदेशावाचून राहतात.

ही सोय फुकट मिळत नाही. येथे तीन दिव्यांची साखळी करता येत नाही, कारण प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वागायचे असते. ५ व्होल्टमध्ये दोन निळे एलईडी एकामागे एक मावतही नाहीत. म्हणून प्रत्येक रंगाला स्वतःचा प्रवाह द्यावा लागतो. पारंपरिक नमुन्यात हा प्रवाह रंगामागे सुमारे २० मिलिअँपिअर, म्हणजे पूर्ण पांढऱ्या दिव्याला ६० मिलिअँपिअर असतो, आणि ६० दिव्यांच्या पट्टीला ३.६ अँपिअर लागतात: १२ व्होल्टच्या पट्टीच्या तिप्पट. लाल एलईडी तर ५ पैकी जेमतेम २ व्होल्ट वापरतो आणि उरलेल्या ३ व्होल्टची चिपमध्ये नुसती ऊब होते.

तीन अँपिअरचे दार

६५० वॅटच्या एसएमपीएसच्या लेबलावर १२ व्होल्टला सुमारे ५४ अँपिअर आणि ५ व्होल्टला २० अँपिअर असे आकडे सर्रास दिसतात. १२ व्होल्टकडे हा कल इंटेलच्या पेंटियम ४ च्या काळात, २००० नंतर, प्रोसेसरची वीज १२ व्होल्टवरून घेतली जाऊ लागल्यापासून वाढत गेला. तरीही ५ व्होल्टचे २० अँपिअर म्हणजे १०० वॅट होतात आणि रोषणाईला ते पुरून उरतात. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. मदरबोर्डवरचे तीन पिनांचे ५ व्होल्ट हेडर बहुतेक वेळा ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे १५ वॅटपर्यंतच, वापरण्याची सूचना बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेली असते, कारण ती बारीक पिन आणि बोर्डातला तिच्यापर्यंत येणारा तांब्याचा पट्टा याहून अधिक प्रवाहाला तापू लागतात.

> चौकट: हेडरला किती दिवे झेपतात?
> पूर्ण पांढऱ्या रंगात दिव्यामागे ६० मिलिअँपिअर धरल्यास ३ अँपिअरमध्ये ५० दिवे बसतात. रंगामागे १२ मिलिअँपिअर घेणारे नवे नमुने असतील तर दिव्यामागे ३६ मिलिअँपिअर होतात आणि ही संख्या ८३ वर जाते. प्रत्येकी १६ दिवे असलेले सहा पंखे म्हणजे ९६ दिवे. जुन्या हिशेबाने ५.७६ अँपिअर. एका हेडरला स्प्लिटर लावून सहा फांद्या काढल्या तरी मुळाशी पिन एकच राहते. फांद्यांनी क्षमता वाढत नाही. केवळ लाल, निळा किंवा हिरवा रंग ठेवल्यास प्रवाह तिसऱ्या हिश्शावर येतो, आणि सॉफ्टवेअरमधून प्रखरता निम्मी केल्यास तो साधारण निम्मा होतो.

याहून अधिक दिवे लावायचे असतील तर हब वापरतात. हबची युक्ती सोपी आहे: मदरबोर्डच्या हेडरकडून फक्त संदेश घ्यायचा आणि वीज थेट एसएमपीएसच्या साटा किंवा मोलेक्स वायरीतून उचलायची. साटा जोडणीत ५ व्होल्टसाठी तीन पिना असून प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर आहे, त्यामुळे तेथे ४.५ अँपिअर, म्हणजे साडेबावीस वॅट मिळतात. जुन्या चार पिनी मोलेक्सच्या पिना जाड असल्याने त्या याहून बऱ्याच अधिक प्रवाहाला तोंड देतात. तिच्यातली पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या परतीच्या. मोलेक्सवरून साटा काढणारे स्वस्त अ‍ॅडॉप्टर मात्र येथे जपून निवडावे लागतात. ज्यांच्या साटा टोकाचे प्लास्टिक वायरींभोवती ओतून घट्ट केलेले असते, त्यांत वायरींचे धागे एकमेकांकडे सरकून शॉर्टसर्किट होण्याच्या आणि आग लागण्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. वायर खाचेत दाबून बसवलेली आणि मागे झाकण असलेली जात त्यामानाने सुरक्षित. चाळीस वॅटच्या शोभेसाठी सबंध यंत्र पणाला लावण्यात शहाणपण नाही, एवढे म्हटले तरी पुरे.

हबऐवजी बाहेरचा ५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर वापरायचा झाल्यास त्याची परतीची वायर संगणकाच्या परतीच्या वायरीला जोडणे अनिवार्य ठरते. संदेशाचा दाब 'किती वर' हे परतीच्या वायरीच्या तुलनेत मोजले जाते, आणि दोन्हीकडची शून्य पातळी वेगळी असेल तर चिपला शून्य आणि एक यांतला फरक कळत नाही; दिवे मग वाटेल तसे लुकलुकतात.

टोकाचे दिवे तांबूस का पडतात

आता कोड्याकडे वळता येते. पट्टीतला तांब्याचा थर कागदासारखा पातळ असतो आणि त्याला थोडा रोध असतोच. समजा, जाण्या-येण्याचा मिळून हा रोध मीटरमागे ०.२ ओहम आहे आणि मीटरभर पट्टीवर ६० दिवे पांढरे पेटले आहेत. सुरुवातीला ३.६ अँपिअर वाहतात, प्रत्येक दिवा आपला वाटा घेत जातो आणि टोकाशी प्रवाह जवळपास शून्यावर येतो. म्हणून सरासरी १.८ अँपिअर धरल्यास दाबाची घट ०.३६ व्होल्ट भरते आणि शेवटच्या दिव्याला ४.६४ व्होल्ट मिळतात. एवढ्याने डोळ्यांना फरक जाणवत नाही. परंतु तशीच दुसरी पट्टी पुढे जोडून कॅबिनेटच्या चारही कडांनी दोन मीटरची फेरी पूर्ण केली, की प्रवाहही दुप्पट होतो आणि रोधही दुप्पट. घट चौपटीने वाढून १.४४ व्होल्टवर जाते आणि टोकाला ३.५६ व्होल्टच उरतात. निळ्या आणि हिरव्या एलईडींचे ३ व्होल्ट वजा केल्यावर चिपला प्रवाह स्थिर ठेवायला पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून हे दोन रंग मंदावतात. लाल एलईडीला २ व्होल्टच हवे असल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. पांढऱ्यातून निळा आणि हिरवा वजा झाल्यावर जे उरते तेच टोकाला दिसते. पट्टी केवळ लाल ठेवली तर प्रवाह तिसरा हिस्सा होतो, घटही अर्ध्या व्होल्टच्या आत राहते, आणि तक्रारीला जागाच राहत नाही.

यावर उपाय असा, की ५ व्होल्ट आणि परत या दोन वायरी पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही एसएमपीएसकडून आणून जोडाव्यात. संदेश मात्र पहिल्याच टोकाने जाऊ द्यावा. दोन्हीकडून वीज मिळाल्यावर सर्वांत गरीब दिवा मध्यावर येतो आणि तेथली घट एकतर्फी घटीच्या चौथ्या हिश्शाएवढी, वरच्या उदाहरणात ०.३६ व्होल्ट, राहते.

पिनांची गल्लत आणि बंद संगणकातला उजेड

चार पिनी १२ व्होल्ट आणि तीन पिनी ५ व्होल्ट हेडर मदरबोर्डवर अनेकदा शेजारी असतात. ए-आरजीबीच्या हेडरमध्ये चारपैकी एका पिनेची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, परंतु जोर लावला किंवा सुटी वायर वापरली तर चूक घडतेच. १२ व्होल्टची पट्टी ५ व्होल्टला जोडली गेली तर ती फक्त पेटत नाही. उलट चूक झाली तर मात्र, ५.३ व्होल्टपर्यंतच सहन करणाऱ्या चिपवर १२ व्होल्ट आदळतात आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी सबंध पट्टी निकामी होते.

संगणक बंद केल्यावरही काही कॅबिनेट रात्रभर रंगीत का राहतात, याचे कारण १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेत आहे. पूर्वीच्या एटी रचनेत बटण थेट भिंतीची वीज तोडत असे. एटीएक्समध्ये बटण मदरबोर्डला केवळ इशारा देते, आणि तो इशारा ऐकता यावा म्हणून जांभळ्या वायरीतून ५ व्होल्टचा एक लहान पुरवठा अखंड चालू राहतो. काही मदरबोर्ड हाच पुरवठा रोषणाईच्या हेडरलाही देतात. संदेश थांबला तरी चिप शेवटचा रंग धरून ठेवते, म्हणून कधी कधी रंग गोठल्यासारखा दिसतो. १२ व्होल्टच्या पट्ट्यांना ही सोय नसते, कारण एसएमपीएसची १२ व्होल्टची वाट बंद अवस्थेत खरोखरच बंद असते. बायोसमधला ईआरपी हा पर्याय चालू केला की जांभळ्या वायरीवरचा बराचसा भार तुटतो. बंद उपकरणाने अर्ध्या वॅटहून अधिक वीज खाऊ नये या युरोपीय संघाच्या नियमाला अनुसरून तो दिलेला आहे. दिवे पूर्ण काळे असले तरी प्रत्येक चिप जवळपास १ मिलिअँपिअर घेतच राहते, आणि असे शंभर दिवे म्हणजे त्या अर्ध्या वॅटचा सगळा वाटा संपला.

विजेच्या बिलाची चिंता मात्र फारशी करावी लागत नाही. १५ वॅटची रोषणाई रोज आठ तास चालली तर महिन्याला ३.६ युनिट, आणि एसएमपीएसमधली गळती धरून सव्वाचार युनिटच्या आसपास होतात.

पुन्हा १२ व्होल्टकडे

इंटेलच्या एटीएक्स१२व्हीओ या नव्या रचनेत एसएमपीएस फक्त १२ व्होल्टच देतो, बंद अवस्थेतला पुरवठाही १२ व्होल्टचाच असतो, आणि ५ किंवा ३.३ व्होल्ट हवे असल्यास ते मदरबोर्डने स्वतः तयार करायचे असतात. अशा संगणकात ए-आरजीबीचे अँपिअर थेट एसएमपीएसकडून उचलण्याची सोय उरत नाही. ते बोर्डावरच्या लहान परिवर्तकातून यावे लागतात. १२ व्होल्टवर चालणारे आणि तरीही प्रत्येकी वेगळा आदेश ऐकणारे दिवे बाजारात आहेत. डब्ल्यूएस२८१५ हा त्यांपैकी एक, आणि त्याला संदेशाची एक राखीव वायरही असते, जिच्यामुळे मधला एक दिवा मेला तरी पुढची रांग अडत नाही. परंतु पंखे, पट्ट्या आणि मदरबोर्ड यांचे बहुतेक उत्पादक ५ व्होल्टच्या तीन पिनी हेडरवर आता इतके स्थिरावले आहेत, की तांब्यातली घट कमी करणारा हा बदल कॅबिनेटच्या आत अद्याप पोहोचलेला नाही.